चार नंबरचा पोट्टा ओळखायचा कसा?

या महिन्यात क्रीडा सवाल-जवाबसाठी आलेल्या पत्रांत अन् मेसेजमध्ये अर्ध्याहून जास्त बास्केटबॉलचेच निघाले, त्यातही एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्ट आणि पॉवर फॉरवर्ड, म्हणजे पाच जागांत (एक-दोन नंबर गार्ड, तीन-चार फॉरवर्ड, पाच सेंटर) आपल्या ग्राउंडवर ज्याला सरळ 'चार नंबर' म्हणतात तो. त्यामुळे क्रिकेट आणि कबड्डीवाल्यांनी जरा दम धरा, तुमचं पुढच्या अंकात घेतो. ज्यांना ड्राफ्ट नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच, की दरवर्षी जूनमध्ये एनबीएच्या ३० टीम पाळीपाळीनं नवीन खेळाडू उचलतात, राउंड दोन असतात, प्लेऑफमध्ये न पोचलेल्या १४ टीमांची लॉटरी होऊन पहिले चार नंबर ठरतात आणि बाकी क्रम रेकॉर्डवरून लागतो. यात बोली-बिली काही नसते, आयपीएलच्या ऑक्शनशी गल्लत करू नका.

प्रश्न : दादा, आम्ही चार मित्र रोज सकाळी एनबीए पाहून राहिलो अन् कॉलेजात लेट होऊन राहिलो. ड्राफ्ट आला की आमच्यात भांडणं. मी एका पॉवर फॉरवर्डचे डंक पाहून म्हटलं हा टॉप फाइव्हमध्ये जाईन, मित्र म्हणते याले काहीच येत नाही. तर स्काउट लोक (टीमसाठी खेळाडू हेरणारे) चार नंबरमध्ये नेमकं पाहतात तरी काय?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बजाजनगर

उत्तर : भावा, तुझा मित्र बरोबर असायची शक्यता जास्त आहे, वाईट वाटून घेऊ नको. नुसते डंक पाहून पोट्टा ठरवणं म्हणजे तर्री पाहून सावजीचं मटण ठरवणं. हायलाइटमध्ये फक्त शेवटचा अर्धा सेकंद दिसतो, त्याच्या आधीचे सात-आठ सेकंद तो काय करत होता हे कापून टाकलेलं असतं, आणि स्काउटला पगार मिळतो तो त्या कापलेल्या सात-आठ सेकंदांसाठी.

एक काम कर. कुठलीही पूर्ण मॅच लाव, बॉल कुठं चाललाय ते विसर आणि फक्त चार नंबरवर डोळा ठेव. समज तो वरती येऊन पॉइंट गार्डसाठी (बॉल वर आणणारा एक नंबर) स्क्रीन लावतोय, म्हणजे त्याच्या डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतोय. आधी पाय पाहायचे, रुंद ठेवून ठाम उभा राहिला का, की डिफेंडर अंगावर यायच्या आतच सटकला (बहुतेक पोट्टे सटकतात, कारण त्यांना बॉल पाहिजे असतो). मग दोन डिफेंडर बॉलवाल्यावर धावले तर हा फ्री थ्रो लाइनच्या आसपासच्या मोकळ्या जागेत वळला का. आणि बॉल हातात यायच्या आधी त्याची मान फिरली का! ही मान मी सगळ्यात जास्त पाहतो. कारण त्या क्षणाला पुढं चार विरुद्ध तीन झालेलं असतं, कॉर्नरमध्ये शूटर मोकळा, रिंगखाली पाच नंबर लॉबसाठी (रिंगजवळ उंच फेकलेला पास) तयार, समोर एकटा डिफेंडर गोंधळलेला की कोणाकडं जाऊ. ज्यानं आधीच पाहून ठेवलंय तो बॉल येताक्षणी पुढं पास देतो. ज्याला आधी एक ड्रिबल मारून मग विचार करायची सवय आहे त्याच्या त्या एका ड्रिबलमध्ये मागचा डिफेंडर परत येतो आणि सगळा फायदा गेला पाण्यात. गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीननं कितीतरी वर्षं हेच केलं, टीमचा शूटर स्टेफ करीवर दोघं धावायचे, बॉल ग्रीनकडं यायचा आणि त्याला पुढं काय करायचं हे बॉल यायच्या आधीच ठाऊक असायचं. पॉइंट त्याच्या नावावर जास्त लागायचे नाहीत पण टीमच्या नावावर लागायचे.

दुसरा भाग डिफेन्सचा, आणि खरं सांगू तर चार नंबरची निवड इथंच होते किंवा इथंच मोडते. पूर्वी, म्हणजे कार्ल मलोनच्या जमान्यात, चार नंबर समोरच्या चार नंबरला पाठीनं ढकलत बसायचा, दोघंही रिंगजवळ. मग डर्क नोविट्झकीसारखे सात फुटी लोक बाहेरून शूट करायला लागले आणि सगळं पसरलं. आता समोरची टीम मुद्दाम स्क्रीन लावून तुमच्या चार नंबरला त्यांच्या सगळ्यात चपळ गार्डसमोर आणून सोडते. तिथं तो तीन-चार सेकंद तरी टिकतो का, हा प्रश्न. त्यासाठी क्लोजआउट पाहायचा. म्हणजे हा पेंटमध्ये (रिंगसमोरचा रंगवलेला चौकोन) मदतीला गेलेला असतो, बॉल फिरून कॉर्नरमधल्या शूटरकडं जातो आणि याला धावत जाऊन हात वर करायचा असतो. चांगला पोट्टा सुरुवातीला लांब टांगा टाकतो आणि शेवटच्या दोन-तीन पावलांत स्पीड कमी करतो, छोटी पावलं, कंबर खाली, एक हात वर. कच्चा पोट्टा उडी मारूनच येतो, शूटर पंप फेक देतो आणि हा बाजूनं प्रेक्षकांत. एनबीएची थ्री पॉइंट लाइन समोरून ७.२४ मीटरवर असते, कॉलेज आणि फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) ६.७५, म्हणजे धावायचं अंतर वाढतं आणि कॉलेजात जे झाकून जायचं ते तिथं उघडं पडतं. शिवाय एनबीएत डिफेंडरला कोणाला गार्ड न करता पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, कॉलेजात तसा नियम नाही, त्यामुळे कॉलेजचे कोच हळू पायाच्या चार नंबरला झोनमध्ये (माणूस नाही, जागा सांभाळायचा डिफेन्स) मस्त लपवून ठेवतात. मॉक ड्राफ्टवाले (ड्राफ्टचे अंदाज लिहिणारे) हे कमी लिहितात.

२०२५ मध्ये डॅलसनं पहिल्या नंबरवर घेतलेला ड्यूकचा कूपर फ्लॅग पाहा. डंक त्याचेही भरपूर, पण स्काउट ज्यावर फिदा होते ते वेगळं. १८ वर्षांचा पोट्टा, कॉलेजात १९ च्या वर पॉइंट, साडेसात रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), ४ च्या वर असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), आणि स्टील (बॉल हिसकावणं) अन् ब्लॉक (शॉट अडवणं) दोन्ही मॅचमागे एकाहून जास्त. मोठ्या उंचीचा खेळाडू ब्लॉक करतो, चपळ खेळाडू स्टील करतो, दोन्ही करणारा म्हणजे त्याला बॉल कुठं जाणार ते आधी कळतं. (डॅलसला ती लॉटरी लागायचा चान्स फक्त १.८ टक्के होता, त्यावरून आजही लोकं कुरकुरतात, पण तो वेगळा विषय.)

प्रश्न : सर, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, उंची ६ फूट १ इंच. शाळेच्या टीममध्ये त्याला रिंगखालीच उभं ठेवतात, बॉल बाहेर आणायला देत नाहीत. घरचे पाहुणे-रावळे म्हणतात हा एनबीएत जाणार. हाताचा एक्स-रे काढून पुढची उंची समजते असं ऐकलं, तो काढावा का? आणि परदेशातले स्काउट नागपूरला येतात का?
— एक वडील, मनीषनगर

उत्तर : साहेब, पहिले पाहुण्या-रावळ्यांना चहा पाजून निरोप द्या. ६ फूट १ ही उंची आपल्या शाळेच्या स्पर्धेत रिंगखालची आहे, एनबीएत मात्र ती बुटक्या गार्डांमधली उंची. मुलगा समजा ६ फूट ४ वर थांबला तर भारतात तो कदाचित फॉरवर्ड खेळेल, बाहेर कुठंही तो गार्डच, आणि गार्डला लागणारं काहीच त्याला शिकवलेलं नसेल कारण तो १४ व्या वर्षापासून रिंगखाली हात वर करून उभा होता. हा घोळ आपल्याकडं वर्षानुवर्षं चालू आहे. उंच दिसला की टाक आत. शाळेच्या सरांचाही पूर्ण दोष नाही, त्यांना झोनल जिंकायचं असतं आणि हातात तेवढा एकच उंच पोट्टा असतो. त्यामुळे सरांशी भांडू नका. मॅचमध्ये ते सांगतील तिथं खेळू द्या, पण प्रॅक्टिसच्या आधी किंवा नंतर अर्धा तास त्याचा स्वतःचा ठेवा, त्यात डाव्या हातानं ड्रिबल, तोंड रिंगकडं करून शॉट, आणि खालच्या ग्रुपमधल्या छोट्या पोरांबरोबर तीन-तीनच्या मॅच, जिथं तो बॉल वर आणेल आणि चपळ पोट्टे त्याला छळतील. छळ झालाच पाहिजे, त्याशिवाय पाय हलत नाहीत.

एक्स-रेचं म्हणाल तर डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय काढतात हे खरं आहे, पण ते बालरोगतज्ज्ञ वाढीबद्दल शंका असेल तेव्हा सांगतात. नुसत्या हौसेपोटी कायले काढता. त्यातून येतो तो अंदाज, दोन-तीन इंच इकडं-तिकडं सहज होतात, आणि त्या दोन-तीन इंचांवरच तर तुमचा सगळा प्रश्न आहे! त्यापेक्षा गुडघ्यांकडं लक्ष द्या. या वयात झपाट्यानं उंची वाढणाऱ्या पोरांना गुडघ्याच्या वाटीखाली हाडाच्या उंचवट्यावर दुखतं, उड्या मारल्या की जास्त, आणि आपली बरीचशी ग्राउंडं सिमेंटची. दुखत असेल तर 'थोडं सहन कर' म्हणू नका, उड्या कमी करा आणि डॉक्टरला दाखवा. झायन विल्यमसन २०१९ चा पहिला नंबर, साधारण ६ फूट ६ आणि १२९ किलो, असा चार नंबर पुन्हा होणे नाही म्हणत होते लोक, पहिल्या सीझनमध्ये २४ मॅच खेळला आणि २०२१-२२ चा पूर्ण सीझन पायाच्या फ्रॅक्चरमुळं बाहेर. टीम म्हणूनच ड्राफ्टच्या आधी मेडिकल रिपोर्ट एवढ्या बारीक वाचतात.

स्काउट नागपूरला येतात का? उगाच आशा लावत नाही, तुमच्या ग्राउंडवर अमेरिकन माणूस वही घेऊन बसलेला दिसणार नाही. रस्ता असा आहे की १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा, मग जिल्हा-राज्य निवड, राष्ट्रीय स्पर्धा, तिथून भारताचा कॅम्प. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या पोराचं व्हिडिओ फुटेज मिळतं आणि बाहेरचे लोक ते पाहतात. पंजाबच्या खेड्यातला सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीतून फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये डॅलसनं त्याला ५२ व्या नंबरवर घेतलं, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय. तो ७ फूट २ इंचाचा सेंटर होता आणि एनबीएची एकही रेग्युलर मॅच त्याला मिळाली नाही. तुमच्या मुलाच्या जागेवरचा खेळाडू म्हणाल तर प्रिन्सपाल सिंग, तोही पंजाबचाच, पॉवर फॉरवर्ड, ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकादमीतून जी लीगच्या (एनबीएची धाकटी लीग) इग्नाइट टीममध्ये गेला आणि २०२१ मध्ये समर लीग (उन्हाळ्यातली नव्या पोरांची स्पर्धा) जिंकलेल्या सॅक्रामेंटोच्या टीममध्ये होता. त्याचा तर ड्राफ्टही झाला नाही. हे घाबरवायला नाही सांगत. ६ फूट ९-१० च्या पोराला एवढं जड गेलं तर ६ फूट १ वर हातात काय असावं लागेल याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि एक, जन्मतारखेत कोणी 'ॲडजस्ट' करू म्हटलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. १५ चा दाखवलेला १७ चा पोट्टा जिल्ह्यात चमकतो आणि पुढं गेल्यावर एका कागदात सगळं करिअर अडकतं.

प्रश्न : ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, म्हणजे कंबाइनमध्ये, उंची बूट घालून मोजतात की काढून? आणि विंगस्पॅनचं एवढं कौतुक काहून?
— वाचक, प्रतापनगर

उत्तर : काढून. शिकागोला मे महिन्यात ड्राफ्ट कंबाइन होतो तिथं बूट काढून उंची, दोन्ही हात पसरून विंगस्पॅन, आणि उभं राहून एक हात वर करून रीच, हे सगळं मोजतात. पूर्वी टीमा पोस्टरवर बुटासकट किंवा मनाला येईल ती उंची छापायच्या, २०१९ पासून एनबीएनं बूट काढलेली उंचीच लावायला सांगितली आणि कित्येक 'सात फुटी' एका रात्रीत खाली आले. विंगस्पॅनचं कौतुक यासाठी की शॉट डोक्यानं अडवत नाहीत, हातानं अडवतात. आपला विंगस्पॅन साधारण आपल्या उंचीएवढाच असतो, एनबीएवाल्यांचा सरासरीनं उंचीपेक्षा चार-एक इंच जास्त. ड्रेमंड ग्रीन बूट काढून ६ फूट ६ च्याही आत भरला होता पण हात पसरले तर ७ फूट १ इंचाच्या वर. माझ्या मते तिन्हींत रीच जास्त कामाचा, कारण लांब मानेच्या पोराची उंची फुगते पण खांदे खालीच राहतात.

घरी मोजायचं असेल तर भिंतीला पाठ लावून मोजा आणि खडूची खूण करा, हवेत हात पसरून टेप धरला की भाऊबंद दोन इंच वाढवतातच.

प्रश्न : मला मॅच पाहायला वेळ मिळत नाही पण आकडे आवडतात. कॉलेजच्या कोणत्या आकड्यांवरून पॉवर फॉरवर्ड पुढं चालेल हे कळतं? पॉइंट पर गेम पुरेसं नाही का?
— डेटावाला, शंकरनगर

उत्तर : पॉइंट पर गेम हा सगळ्यात फसवा आकडा. पहिले वय बघा. १९ वर्षांच्यानं १४ पॉइंट मारणं आणि २२ च्यानं १८ मारणं यात बऱ्याचदा १९ वाला पुढं असतो, कारण २२ वाला दाढी आलेला माणूस काल शाळेतून आलेल्या पोरांवर मारून राहिला. मग मिनिटं बघा, कोणी ३५ मिनिटं खेळतो कोणी २२, म्हणून ४० मिनिटांवर काढून तुलना करतात.

थ्री पॉइंटच्या टक्क्यावर एकदम जीव टाकू नका. कॉलेजचा सीझन ३०-३५ मॅचचा, त्यात चार नंबरचे थ्री धरा शंभरेक. गणित येतं तुम्हाला, ३५ टक्के खरी लायकी असलेला पोट्टा शंभर शॉटमध्ये नुसत्या नशिबानं ३० किंवा ४० टक्केवाला दिसू शकतो आणि त्या दहा टक्क्यांत एक लॉटरी पिक आणि एक सेकंड राउंड एवढा फरक पडतो. म्हणून जुने स्काउट फ्री थ्रोचा टक्का पाहतात, तिथं डिफेंडर नाही, घाई नाही, नुसता हात दिसतो. फ्लॅगचा ८४ टक्के होता. ६० टक्के फ्री थ्रो मारणारा चार नंबर एखाद्या वर्षी थ्री ४० टक्क्यांनी मारत असेल तर मी त्या ४० वर विश्वास ठेवणार नाही.

रिबाउंड मात्र बऱ्यापैकी इमानदार आकडा, कॉलेजात उचलणारा पुढंही उचलतो. पॉल मिलसॅप लुइझियाना टेकमध्ये सलग तीन वर्षं देशात सगळ्यात जास्त रिबाउंड काढत होता, तरी चार नंबरसाठी बुटका आहे म्हणून २००६ मध्ये ४७ व्या नंबरपर्यंत घसरला, आणि नंतर चार वेळा ऑल-स्टार झाला. मोठ्या जागेच्या खेळाडूचे असिस्ट आणि टर्नओव्हर (बॉल गमावणं) शेजारी-शेजारी ठेवून बघा, आणि स्टीलकडं दुर्लक्ष करू नका. पण भाऊ, वेळ काढून मॅच बघाच. आकडा सांगतो किती झालं, कोणासमोर झालं ते सांगत नाही.

प्रश्न : एवढे पैसे, एवढे स्काउट, तरी २०१३ च्या ड्राफ्टला अँथनी बेनेट पहिला आणि यानिस अँटेटोकुंपो पंधरावा! मग या सगळ्याचा उपयोग काय? मला तर हा सट्टाच वाटतो.
— जुना फॅन, सदर

उत्तर : सट्टा नाही, पण खात्रीचा धंदाही नाही. २०१३ ची गोष्ट सगळे सांगतात आणि अर्धीच सांगतात. बेनेट म्हणजे काही उगाच उचललेला माणूस नव्हता. नेवाडा लास व्हेगसकडून १६ च्या वर पॉइंट आणि ८ रिबाउंड, दणकट शरीर, बाहेरून शूटही करायचा, कागदावर नव्या जमान्याचा चार नंबर. पण ड्राफ्टच्या आधी खांद्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे टीमांना त्याला जवळून खेळवून बघता आलं नाही, उन्हाळाभर सराव नाही आणि सीझनला आला तेव्हा वजन वाढलेलं. पहिले १६ शॉट चुकले. मुख्य म्हणजे तो मधेच अडकला, मोठ्या चार नंबरला रोखायला उंची कमी आणि तीन नंबरच्या मागं धावायला पाय हळू. यालाच तिकडं ट्विनर म्हणतात. चार सीझन, चार टीम, आणि खेळ खल्लास. वर पहिल्या उत्तरात डिफेन्सचं म्हटलं ना, तू गार्ड कोणाला करणार, त्याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं.

यानिस तेव्हा ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायचा, १८ वर्षांचा, काटकुळा, समोर कोण खेळतंय तर दिवसा नोकरी करून संध्याकाळी बास्केटबॉल खेळणारे लोक वाटावेत असा दर्जा. त्याच्या आकड्यांना काय अर्थ लावणार? जे स्काउट अथेन्सला गेले त्यांनी पाहिलं ते लांबलचक हात, त्या उंचीला बॉल घेऊन पळणं आणि पास दिसणं. शरीर अजून वाढतंय हेही दिसत होतं, आणि वाढलंही. पण तो २०१९ आणि २०२० चा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) होईल, २०२१ ला मिलवॉकीला चॅम्पियन करेल असं कोणी तेव्हा म्हटलं असेल तर त्यानं छातीठोकपणे पाचव्या नंबरवर का नाही घ्यायला लावलं! मिलवॉकीनंही १५ व्या नंबरवर घेतला कारण तिथं चुकलं तरी फार बिघडत नाही.

ग्रीनचंही तसंच. २०१२ मध्ये ३५ वा. लोक म्हणतात गोल्डन स्टेट वॉरियर्सना हिरा दिसला. अहो, त्याच ड्राफ्टमध्ये वॉरियर्सनी त्याच्या आधी हॅरिसन बार्न्सला सातव्या आणि फेस्टस एझिलीला तिसाव्या नंबरवर घेतलं होतं! हिरा दिसला असता तर पस्तिसाव्या नंबरपर्यंत थांबले असते का. मिशिगन स्टेटला चार वर्षं खेळलेला, कॉन्फरन्सचा बेस्ट प्लेअर झालेला पोट्टा, सगळ्यांनी पाहिलेला, आणि तरी 'ना तीन नंबर ना चार नंबर' म्हणून मागं राहिला. तोच ट्विनर शिक्का बेनेटवर बरोबर बसला आणि ग्रीनवर चुकीचा, कारण एकाला दोन्ही जागांवर गार्ड करता येत नव्हतं आणि दुसऱ्याला पाचही जागांवर येत होतं. शिक्का मारणाऱ्यांनी उंची पाहिली, पाय पाहिले नाहीत.

केविन ड्युरांटला २००७ मध्ये ड्राफ्टआधीच्या टेस्टमध्ये ८४ किलोचा बेंच प्रेस (पाठीवर झोपून वजन वर ढकलणं) एकदाही उचलता आला नव्हता यावरून किती हसले होते लोक. त्याच सीझनला रुकी ऑफ द इयर (नव्या खेळाडूंतला बेस्ट). आता ती टेस्टच काढून टाकलीय.

प्रश्न : ताई लोकांचंही लिहा की. मी विद्यापीठाच्या टीममध्ये चार नंबर खेळते, उंची ५ फूट १० इंच. डब्ल्यूएनबीएच्या (महिलांची एनबीए) ड्राफ्टला आपल्याकडच्या मुली पात्र असतात का? आणि माझ्या उंचीला चार नंबर चालतो का?
— खेळाडू, धरमपेठ

उत्तर : लिहायलाच पाहिजे, तुझं म्हणणं बरोबर. पात्रतेचं म्हणशील तर अमेरिकेबाहेरच्या खेळाडूला ड्राफ्टच्या वर्षात २० पूर्ण होणं लागतं, अमेरिकेतल्या मुलींना २२, त्यामुळे वयाचा अडथळा तुला कमी आहे. पण राउंड तीनच, टीम थोड्या, आणि ड्राफ्ट झालेल्यांतल्या कितीतरी जणी सीझन सुरू व्हायच्या आधीच कट होतात. तिथला चार नंबर म्हणजे नफीसा कॉलियरसारखी, ६ फूट १, २०१९ ला सहाव्या नंबरवर मिनेसोटानं घेतली, आत खेळते, बाहेरून मारते आणि कोणालाही गार्ड करते. ५ फूट १० ला तिकडं तुला गार्ड किंवा तीन नंबर व्हावं लागेल. भारतात चार नंबर चालून जाईल, पण वर त्या वडिलांना जे सांगितलं तेच तुलाही, आत्ता बाहेरचा शॉट आणि बॉल हँडलिंग नाही केलं तर पुढच्या निवडीत एखादी ६ फुटी पोट्टी आली की तू बेंचवर. क्लोजआउटची प्रॅक्टिस पोरांच्या शूटरवर कर, त्यांचा रिलीज फास्ट असतो, पाय आपोआप सुधारतात. बॉल मात्र सहा नंबरचाच घेऊन खेळ, पोरांचा सात नंबर हातात बसला की शॉटचा अंदाज बिघडतो.

प्रश्न : मला स्वतःला खेळता येत नाही पण स्काउटिंग शिकायचंय. नागपुरात राहून काय करू शकतो?
— बी.कॉम.चा विद्यार्थी, इतवारी

उत्तर : मानकापूरला किंवा जवळच्या ग्राउंडवर इंटर-कॉलेज लागली की जाऊन बस, एन्ट्री फुकट, हवा तेवढा वेळ. एका मॅचला एकच खेळाडू धर. पॉइंट लिहू नको, ते स्कोअरर लिहितो. तू लिही की स्क्रीन लावले किती आणि खरे किती लागले, डिफेन्सला किती वेळा परत धावला आणि किती वेळा चालत आला, पास आल्यावर निर्णयाला किती वेळ घेतला, शिट्टीनंतर रेफरीशी भांडला का, टाइमआउटमध्ये कोचकडं पाहत होता का गॅलरीत. वॉर्मअप चुकवू नको, तिथं डावा हात चालतो का ते फुकटात कळतं. खाली शेवटी एक ओळ, हा पुढच्या लेव्हलला कोणाला गार्ड करू शकेल. तारीख टाक आणि वही जपून ठेव, वर्षभरानं तोच पोट्टा पुन्हा बघ आणि मगच जुनं पान उघड. आणि खेळाडूच्या आई-बापाशेजारी बसू नको, मॅच ऐकूच येत नाही.

प्रश्न : ड्राफ्ट आपल्याकडं लाइव्ह किती वाजता?
— अनेक जण

उत्तर : तिकडं न्यूयॉर्कला रात्री ८, म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. २०२४ पासून दोन दिवस चालतो, पहिल्या दिवशी पहिला राउंड, दुसऱ्या दिवशी दुसरा. पहिल्या राउंडला टीमला एका नंबरसाठी ५ मिनिटं मिळतात आणि त्यात ट्रेड होत राहतात, त्यामुळे टोपी एका टीमची घालून पोट्टा खेळायला दुसरीकडंच जातो, टोपीवर जाऊ नका. दुसऱ्या दिवशीचा राउंड बहुतेक जण झोपून काढतात, पण ग्रीन, मिलसॅप आणि सतनाम तिघंही दुसऱ्या राउंडचेच, तेव्हा अलार्म दोन दिवस लावा.